धरण, धक्के आणि पंचविशीतला भूकंपशास्त्रज्ञ

(या भागाचं हे लेखी रूप. एसटीत रेंज जात असेल किंवा इअरफोन घरी राहिले असतील, तर वाचा. बोलण्यातला अघळपघळपणा थोडा कमी केलाय, बाकी जसंच्या तसं.)

मालेगावातून बोलतोय. हो, वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. नाशिकचं नाही. कुरिअरवाल्यांना आणि पुण्यातल्या मित्रांना हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आजचा विषय मावशीच्या फोनवरून सुचला. १० जुलै २०२४, सकाळी सव्वासातच्या सुमाराची गोष्ट. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीकडे ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. नांदेड, परभणीसोबत आपल्या वाशिम जिल्ह्यातही तो जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे सहानंतर हिंगोलीकडेच दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के येऊन गेले होते. त्यामुळे जुलैत लोक जरा जास्तच दचकले. मावशीने फोन केला आणि थेट विचारलं, "काहून रे, तू दिवसभर मोबाइलमधी पाहतं, मंग सांग ना, पुन्हा येईन का थो?"

मी म्हटलं, "मावशी, हे कोणीच सांगू शकत नाही." ती म्हणाली, "मंग ते शास्त्रज्ञ लोक करतात तरी काय?"

प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी आपल्याच राज्यातल्या एका गोष्टीपाशी पोचलो. मालेगावपासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात साठेक वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. तिच्यात एक मोठं धरण आहे, एक वाईट पहाट आहे, आणि हैदराबादच्या एका नव्याकोऱ्या संस्थेत काम करणारा पंचविशीतला एक भूकंपशास्त्रज्ञ आहे.

[०२:३०] जमिनीखालचे आवाज

कोयना धरण शाळेच्या पुस्तकात होतं, आठवतंय ना? १०३ मीटर उंच. मागे शिवाजीसागर जलाशय, जवळपास शंभर टीएमसीचा. १९६१-६२ च्या सुमारास त्यात पाणी साठायला लागलं. आणि थोड्याच दिवसांत परिसरातल्या लोकांना वेगळंच काहीतरी जाणवायला लागलं. जमिनीखालून गडगडल्यासारखे आवाज यायचे. मग बारीक हादरे. भांडी वाजायची, कौलं हलायची.

तेव्हाची समजूत काय होती? दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, शांत खडक. भूकंप हिमालयात होतात, आसामात होतात, कच्छमध्ये होतात. इथे कशाला होतील? तुमच्या-माझ्या पायाखाली हाच खडक आहे. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. मालेगावात विहीर खोदा नाहीतर कोयनेला, वरचा खडक साधारण तोच.

पण पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी हे हादरे मनाचे खेळ म्हणून सोडून दिले नाहीत. १९६३ पासून त्यांनी धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली. एस. के. गुहा आणि त्यांचे सहकारी धक्क्यांची नोंद ठेवू लागले: किती आले, कुठून आले, तेव्हा तळ्यात पाणी किती होतं.

हे लक्षात ठेवा. मोठा भूकंप यायच्या चार वर्षं आधी तिथे यंत्रं होती. कोणीतरी रोज कागद बदलत होतं, शाई बघत होतं, तारीख-वेळ टाकत होतं. त्या कामाची बातमी होत नाही. पण पुढची सगळी गोष्ट त्या कागदांवर उभी आहे.

[०५:००] ११ डिसेंबर १९६७

१३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा एक धक्का आला. आणि मग ११ डिसेंबरची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटं. थंडीचे दिवस, सगळे घरात झोपलेले.

६.३ रिश्टरचा भूकंप झाला. आपल्या हिंगोलीच्या ४.५ शी तुलना करायची तर ऊर्जा सुमारे पाचशे पट. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पट होते, हे आपण विसरतो. "साडेचार आणि सहा, दोनचाच तर फरक" असं वाटतं. तो दोनचा फरक नसतो.

कोयनानगरात घरं कोसळली. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत आणि गोव्यापर्यंत जाणवला. धरणाच्या उंच भागांत भेगा पडल्या, पण धरण टिकलं. पुढे भिंतीला मागून आधार देऊन ते मजबूत केलं गेलं. ते टिकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार खालच्या गावांतल्या माणसांनी त्या सकाळी नक्की केला असेल.

मग एक प्रश्न देशभर फिरू लागला. हा भूकंप धरणामुळे झाला का?

प्रश्न किती अवघड होता बघा. स्वातंत्र्याला वीस वर्षं झालेली. धान्य हवं, वीज हवी, त्यासाठी देशभर मोठी धरणं बांधली जात होती. कोयनेच्या विजेवर मुंबईचे कारखाने चालत होते. अशा वेळी "धरणामुळे जमीन हलली" असं म्हणणं सोपं नव्हतं. आणि पुराव्याशिवाय "धरणाचा काही संबंध नाही" म्हणणंही शास्त्राला शोभणारं नव्हतं.

[०७:३०] हैदराबादमधली टेबलं

हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. सगळे तिला एनजीआरआय म्हणतात. तिची स्थापना १९६१ ची, म्हणजे भूकंपाच्या वेळी संस्था सहा वर्षांची. प्रमुख होते हरी नारायण. आणि तिथल्या तरुण मंडळींत होते हर्ष गुप्ता. जन्म १९४२ चा, म्हणजे तेव्हा वय पंचवीस. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेले. सोबत बी. के. रस्तोगी, इंद्र मोहन असे सहकारी.

आता कल्पना करा. आज भूकंप झाला की पाच-दहा मिनिटांत फोनवर नकाशा येतो. तेव्हा काय होतं? जगभरच्या वेधशाळांत कागदावर नाहीतर फिल्मवर उमटलेल्या नागमोडी रेषा. त्या मिळवायच्या, भिंगाखाली धरायच्या, पट्टीने मोजायच्या.

मोजायचं काय, ते सांगतो. भूकंप झाला की मुख्य दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. पहिली वेगवान, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. तिला पी म्हणतात. दुसरी तिच्यामागून, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ती एस. जोरात हलवते ती मुख्यतः ही दुसरी. ढगांच्या गडगडाटाचं गणित लहानपणी केलंय ना? वीज चमकली, मग मोजायला लागायचं: एक, दोन, तीन. तसंच इथे. दोन लहरींमधल्या अंतराचे सेकंद मोजा, आठने गुणा, भूकंप किती किलोमीटरवर झाला त्याचा अंदाज मिळतो. ऐंशी किलोमीटरवर भूकंप झाला तर पहिल्या बारीक थरथरीनंतर दहाएक सेकंदांनी खरा हिसका बसतो. तीन-चार ठिकाणांची अंतरं मिळाली की नकाशावर वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात तिथे केंद्र.

या तरुणांच्या सुदैवाने त्या काळात एक मोठी गोष्ट झालेली होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात एकसारख्या भूकंपमापकांचं जाळं उभं राहिलं, शंभरहून जास्त ठिकाणी. पैसा अमेरिकेचा, आणि मूळ हेतू रशियाचे जमिनीखालचे अणुचाचणी स्फोट ओळखण्याचा. शीतयुद्धाची भानगड! पण यंत्रं एकसारखी आणि नोंदी सगळ्या शास्त्रज्ञांना खुल्या, त्यामुळे फायदा झाला भूकंपशास्त्राचा. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि आपलं पुणं त्या जाळ्यात होतं. स्फोट पकडायला बसवलेल्या यंत्रांनी कोयनेचा भूकंप टिपून ठेवला होता.

त्या नोंदींवरून या चौघांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या भूकंपशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात कोयनेच्या भूकंपावर शोधनिबंध छापला. नावांचा क्रम बघा: गुप्ता, नारायण, रस्तोगी, मोहन. पहिलं नाव सत्तावीस वर्षांच्या माणसाचं, संस्थेच्या प्रमुखांचं दुसरं. तुमच्यापैकी जे पीएचडी करताहेत त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

[११:००] चार तळी, एक कुंडली

पण धरणाचा प्रश्न त्या एका निबंधाने सुटत नव्हता. कोयनेला पाणी साठलं आणि कोयनेला भूकंप झाला. बरं. एकानंतर दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. आपल्याकडेही होतं की, कावळा बसला आणि फांदी मोडली.

मग गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जे केलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतं. त्यांनी प्रश्न बदलला. "कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का?" हे बाजूला ठेवलं आणि विचारलं, "जगात जिथे जिथे मोठं तळं भरल्यावर मोठा भूकंप झाला, तिथले धक्के एकमेकांसारखे आहेत का? आणि साध्या भूकंपांपेक्षा वेगळे आहेत का?"

अशी ठिकाणं सापडली. चीनमधलं शिनफेंगजियांग धरण, मार्च १९६२, सहाच्या वरचा भूकंप. आफ्रिकेत झांबेझी नदीवरचं करिबा, १९६३, तिथेही सहाच्या वर. ग्रीसमधलं क्रेमास्टा, फेब्रुवारी १९६६, तसंच. आणि चौथं कोयना. देश वेगळे, भाषा वेगळ्या. सारखं एकच: उंच भिंत आणि मागे खोल पाणी.

मग १९७२ मध्ये त्याच अमेरिकी नियतकालिकात लागोपाठ दोन निबंध आले. त्यांचं सार पाच मुद्द्यांत सांगतो, सोप्या भाषेत.

एक. धक्क्यांची संख्या पाण्याच्या पातळीसोबत हलते. पाणी चढलं की काही काळाने धक्के वाढतात.

दोन. बारीक धक्क्यांचं प्रमाण जास्त. एरवी पाचचा एक धक्का असेल तर चारचे दहाएक आणि तीनचे शंभरेक असा साधारण हिशेब असतो. तळ्यांजवळ हा हिशेब बारक्यांच्या बाजूने झुकतो, त्याच भागातल्या नेहमीच्या भूकंपांपेक्षा जास्त.

तीन. मोठ्या धक्क्याआधीही बरेच लहान धक्के येतात. म्हणजे आधी कुरकुर, मग दणका.

चार. मुख्य भूकंपानंतरचे धक्के लवकर शांत होत नाहीत. रेंगाळत राहतात.

पाच. नंतरच्या धक्क्यांतला सगळ्यात मोठा धक्का हा मुख्य धक्क्याच्या नेहमीपेक्षा बराच जवळ पोचतो.

एकेक मुद्दा सुटा घेतला तर योगायोग म्हणता येईल. पण चारही तळ्यांची कुंडली जुळायला लागली, तेव्हा योगायोग म्हणणं जड जाऊ लागलं.

आणि हे करायला त्या तरुणाकडे स्वतःचं काय होतं? चीनचं धरण त्याचं नाही, ग्रीसचं नाही. कोयनेची जवळची यंत्रंही दुसऱ्या संस्थेची. त्याचं होतं ते टेबल, भिंग, आणि "तुमच्या नोंदी पाठवाल का?" असं विचारायची तयारी. समोरच्यांनी पाठवल्याही. विज्ञानातला समाज म्हणजे नुसत्या परिषदा आणि गळ्यातली ओळखपत्रं असं मला वाटायचं. मुळात तो हा आहे: मी टिपलेलं तुला देतो, तू टिपलेलं मला दे.

[१४:१५] पण पाण्याने डोंगर कसा हलेल?

शंका घेणारे होते, आणि त्यांची शंका फालतू नव्हती.

गणित करू. शंभर मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब होतो हवेच्या दाबाच्या दहा पट. आता पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा स्वतःचा दाब किती? तेराशे पट. तिथे हे दहा म्हणजे किस झाड की पत्ती? काही जाणकारांचं म्हणणं होतं की कोयनेचा भूकंप हा नेहमीसारखाच, जमिनीच्या पोटातल्या ताणाने आलेला. तळं तिथे असणं हा योगायोग. हा वाद वर्षानुवर्षं चालला.

उत्तराचा गाभा असा. भूकंपाची ताकद पाणी पुरवत नाही. ताण खडकात आधीपासून असतो. जमिनीच्या पोटात जुन्या भेगा असतात, त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात आणि घर्षणाने अडकून राहिलेल्या असतात. पाणी भेगांतून झिरपत खोल जातं, तिथल्या बारीक छिद्रांतला दाब वाढतो, आणि ती दोन्ही बाजूंची पकड जराशी सैल होते. भेग आधीच सुटायच्या बेतात असेल, तर तेवढं "जरासं" पुरतं. खळ्यात बैलगाडी उतारावर उभी आहे, चाकाखाली दगड लावलाय. दगड काढणाऱ्याने गाडी ढकलली नाही. पण गाडी गेली ती त्याने दगड काढल्यावरच.

म्हणून हे शास्त्रज्ञ पुढे "धरणाने घडवलेला" असं म्हणण्यापेक्षा "धरणाने चालना दिलेला" भूकंप म्हणू लागले. शब्द बारीक आहे, पण त्यात जबाबदारी आहे. धरणाला सगळा दोष देत नाही, आणि धरणाला सोडूनही देत नाही. हेही त्यातून कळतं की प्रत्येक धरणाजवळ असं होत नाही. जगात हजारो मोठी धरणं आहेत, त्यांतल्या थोड्यांजवळच असे धक्के नोंदले गेलेत.

१९७५ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ इथे माणसाच्या कामामुळे होणाऱ्या भूकंपांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७६ मध्ये गुप्ता आणि रस्तोगी यांचं "डॅम्स अँड अर्थक्वेक्स" हे पुस्तक आलं. तेव्हा गुप्ता चौतिशीत होते. दहा वर्षांपूर्वी "असं होतं का?" असा प्रश्न होता. आता धरण बांधण्याआधी हा प्रश्न विचारणं हा कामाचा भाग झाला होता.

कोयनेने जगाला आणखी एक गोष्ट दिली. धरणाच्या आतल्या गॅलरीत जमिनीचा हिसका मोजणारं यंत्र होतं, आणि त्याने ११ डिसेंबरची पहाट टिपली. ती नोंद घेऊन अमेरिकेत बर्कलीला अनिल चोप्रा यांच्यासारख्या अभियंत्यांनी धरणाच्या भेगा कुठे आणि का पडल्या याचं गणित मांडलं. आजही भूकंपात काँक्रीटचं धरण कसं वागतं हे शिकताना जगभरचे विद्यार्थी कोयनेचं उदाहरण सोडवतात.

[१७:३०] किल्लारी

आता थोडं थांबायला हवं. नाहीतर वाटेल की शास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं आणि गोष्ट सुखात संपली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लोक रात्री उशिरा येऊन झोपलेले. पहाटे तीन छप्पनला किल्लारीचा भूकंप झाला. ६.२ चा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली. मालेगावपासून किल्लारी अंदाजे अडीचशे किलोमीटर. आपल्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या माणसांना त्या दिवसाबद्दल विचारा, ते कुठे होते हे त्यांना आठवतं.

कोयनेपेक्षा आकडा मोठा नव्हता, मग माणसं इतकी का गेली? केंद्र उथळ आणि गावांच्या अगदी खाली. आणि घरं. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर धाब्याचं जड छत. दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. भिंत फुटली, छत बसलं. भूकंप किती मोठा हे जमीन ठरवते. माणसं किती वाचतील हे बरंचसं घर ठरवतं.

किल्लारीलाही आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, बारीक धक्के येऊन गेले होते. पण तिथे कोयनेसारखं जवळ यंत्रांचं जाळं नव्हतं. सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये होता. जवळच्या माकणीच्या तलावाचा यात काही हात आहे का, यावरही वाद झाला. आणि धक्के येतात म्हणून मोठा भूकंप येणारच असंही नसतं. बहुतेक वेळा धक्के येतात आणि विरून जातात.

१९९२ पासून एनजीआरआयचे संचालक कोण होते? तेच हर्ष गुप्ता. आता पन्नाशीतले. संस्थेने किल्लारीला सहाशे मीटरहून खोल बोअर घेतली. बेसॉल्टचा थर साधारण ३३८ मीटरवर संपला, खाली जुना खडक लागला. दुसरीकडे सी. पी. राजेंद्रन आणि कुशला राजेंद्रन हे केरळमधून आलेले भूवैज्ञानिक तेरला गेले. धाराशिव जिल्ह्यातलं ते प्राचीन तेर. तिथल्या पुरातन पांढरीच्या मातीच्या थरांत त्यांना खूप जुन्या भूकंपाच्या खुणा दिसल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. म्हणजे दख्खन कधीच पूर्ण शांत नव्हतं. दोन मोठ्या भूकंपांमधला काळ इतका लांब असतो की गावाच्या आठवणीत तो उरत नाही.

२००२ मध्ये नवा नकाशा आला आणि "झोन एक" हा पट्टाच काढून टाकला गेला. "इथे काहीच होणार नाही" असं म्हणायची जागा नकाशावर राहिली नाही.

[२०:३०] आजची कोयना

कोयनेला धक्के थांबलेत का? नाही. १९६७ पासून आजवर तिथे पाचच्या वरचे वीसहून जास्त आणि चारच्या वरचे दोनशेच्या घरात धक्के झालेत. जवळच वारणेचं धरण १९८५ पासून भरायला लागलं, मग धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला तिकडेही सरकला. आणि हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यात. पाणी चढल्यावर सप्टेंबरच्या सुमारास धक्के वाढतात, पुन्हा डिसेंबरच्या आसपास वाढतात. छोटी जागा, वेळेवर येणारे धक्के. भूकंपशास्त्राच्या दृष्टीने ही एक उघडी प्रयोगशाळाच आहे.

२००५ मध्ये गुप्ता आणि एनजीआरआयच्या मंडळींनी तिथल्या धक्क्यांवर प्रत्यक्ष वेळेत नजर ठेवायला सुरुवात केली. मे २००६ मध्ये त्यांनी आधी लिहून ठेवलं की चारच्या आसपासचा धक्का येऊ शकतो. २१ मेला ४.२ चा आला. हे यश आहे, पण ते कोयनेसाठी आहे. चाळीस वर्षांच्या नोंदी, छोटी जागा, ओळखीचा स्वभाव. हिंगोलीसाठी हे करता येत नाही. कोणी व्हॉट्सअॅपवर "उद्या रात्री दोन वाजता भूकंप, नासाचा इशारा" असं पाठवलं तर ते सरळ डिलीट करा. तारीख-वेळ देऊन भूकंप सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेच नाही.

पुढची पायरी म्हणजे थेट भूकंपाच्या घरात शिरणं. कोयना परिसरात आधी दीड किलोमीटरपर्यंत खोल नऊ बोअर घेतल्या. मग २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटरची चाचणी बोअर पूर्ण झाली. वरचे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली थेट जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कराडला त्यासाठी भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे. तिथे खडकाच्या लांब नळकांड्या ओळीने ठेवल्यात, आणि खोलीवरचं तापमान, पाणी, भेगांच्या दिशा यांवर काम चालतं. १९६७ साली हैदराबादच्या टेबलाशी बसलेल्यांच्या वयाची मुलंमुली आज तिथे काम करतात.

[२३:००] आपण काय करायचं?

पहिलं. तुमच्या हातातल्या फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर आहे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती त्याच्यामुळे. २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाची सूचना देणारी सोय आली, ती याच सेन्सरवर चालते. टेबलावर पडलेले खूप फोन एकदम थरथरले की सर्व्हरला कळतं, आणि लांबच्या फोनना सूचना जाते. पहिली लहर पोचल्यानंतर आणि मोठी लहर पोचण्याआधी मिळालेले काही सेकंद, एवढंच. सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का बघा.

दुसरं. धक्का जाणवला की स्टेटस टाकण्याआधी नोंद करा. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र त्यांच्या अॅपवर आणि साइटवर लोकांकडून माहिती घेतं. कुठे होतात, काय हललं, भिंतीला तडा गेला का. मालेगावात जाणवलं की नाही, शिरपूर जैनला काय झालं, हे सांगायला प्रत्येक गावात यंत्र नसतं. तिथे आपणच यंत्र. आणि "काही जाणवलं नाही" ही सुद्धा कामाची नोंद आहे.

तिसरं. घर बांधत असाल तर मिस्त्रीला विचारा: जोत्याला, खिडक्यांवर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा घेणार का? कोपऱ्यांत लोखंड गुंफणार का? जुनं दगड-मातीचं घर असेल तर छतावर आणखी माती चढवू नका. यात खर्च आहे, मान्य. पण किल्लारीत जो धडा मिळाला तो एवढाच आणि एवढा मोठा आहे.

चौथं, बारावी-बीएस्सीवाल्या श्रोत्यांसाठी. भूकंपशास्त्राला नुसता भूगोल लागत नाही. भौतिकशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्र आणि आता बऱ्यापैकी कोडिंग लागतं. भूभौतिकी नावाचा विषय शोधा. धनबाद, रुरकी इथे तो शिकवतात, हैदराबादला त्यात संशोधन होतं. नांदेड शहरात २००६-०७ च्या सुमारास बारीक धक्के येऊ लागले, तेव्हा तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या लोकांनीही त्या अभ्यासात भाग घेतला. म्हणजे हे काम आपल्यापासून फार लांब होत नाही. आणि जगभरच्या भूकंपमापकांच्या नोंदी आज इंटरनेटवर फुकट मिळतात. १९६७ मध्ये ज्या कागदांसाठी पत्रं लिहावी लागत होती, ते आज तुमच्या लॅपटॉपवर पंधरा मिनिटांत उतरतात. प्रश्न तेवढा नीट विचारावा लागेल.

जाता जाता. हा भाग तयार केल्यावर मी मावशीला परत फोन लावला. म्हटलं, "तू विचारलं होतं ना, ते लोक करतात काय? पुन्हा कधी येईल ते नाही सांगू शकत. पण कुठे येऊ शकतो, आला तर जमीन किती हलेल, आणि कशी घरं टिकतील, हे ते सांगतात. तेही एकटे नाही सांगत, जगभरच्या नोंदी एकमेकांना देऊन सांगतात."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. मंग आपल्या मागच्या खोलीची भिंत पाहून घे एकदा. तिले जुना तडा हाय."

रविवारी जातोय बघायला. पुढच्या भागात भेटू.